काढ्याचा चोथा

मिनश्याच्या छातीतल्या जळजळीवर चीनमधल्या छंगदू शहरातल्या वैद्यांनी नाडी पाहून सात पुड्या दिल्या. रोज एक उकळून काढा प्यायचा आणि चोथा गल्लीच्या तोंडाशी टाकायचा. तो जो तुडवेल, त्याच्याबरोबर दुखणं जातं, असं सगळे मानतात. म्हणूनच सगळे त्याला वळसा घालून जातात.

"मिरच्या खाताना जिभेला लगाम नव्हता, आता पी कडू," सासू रोज सुनेला ऐकवायची.

सातव्या दिवशी जळजळ थांबली. उंबऱ्याशी झाडताना मिनश्याने सासूच्या चपला उचलल्या. तळाला काढ्यातली संत्र्याची साल चिकटली होती.

"आई, चोथा तुम्ही तुडवलात?"

"मग काय करणार? कुणी पायच ठेवत नव्हतं. आजपासून माझ्या भाजीत मिरची घालू नकोस."