पुस्तकातला नवरा

‘काहीही सांगा, काकू. काका म्हणतील,’ संचालक म्हणाले आणि त्यांनी माइक काकूंच्या हनुवटीशी आणला.

तंबू गच्च भरला होता. उन्हाळी कला-साहित्य महोत्सवात ध्वनिसंशोधन संस्थेकडे एवढी माणसं कधी फिरकली नव्हती. गेल्या वर्षी संस्थेने घशाचा माणसाएवढा प्लास्टरचा नमुना मांडला होता. लोक त्याच्या सावलीत बसून पाणी प्यायचे आणि निघून जायचे. या वर्षी संस्थेने मेलेल्या माणसाचा आवाज आणला होता.

माणूस म्हणजे काकूंचा नवरा. आयुष्यभर तो अंधांच्या वाचनालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करत राहिला. कपाटभर वाचन. त्यावरून यंत्राने त्याचा आवाज उचलला, आणि आत्ताच त्या आवाजाने एका हयात कवीची कालपरवाची कविता वाचून दाखवली होती. कवी रडला. काकूंच्या, सासऱ्यांना कधी न पाहिलेल्या सुनेनेही डोळे पुसले. काकूंनी पुसले नाहीत. त्या आपला नंबर कधी लागतो याची वाट बघत होत्या. या सगळ्याला होकार देताना त्यांची एकच अट होती: शेवटी एक शब्द मी सांगणार.

‘अगं,’ काकू म्हणाल्या.

संचालक थांबले. ‘अगं... पुढे?’

‘पुढे काही नाही. एवढंच.’

लोक हसले. प्रेमानेच हसले.

नवऱ्याने काकूंना कधी नावाने हाक मारली नाही. बाहेरून आला की दारात चपला काढता काढता तो ‘अगं’ म्हणायचा. काम काही नसायचं. बायको घरात आहे ना, एवढंच बघायचं असायचं. काकू आतून ‘आहे’ म्हणायच्या. झालं. एवढ्यावर संसार उभा होता.

यंत्रापाशी संस्थेची संशोधक बसली होती. या आवाजात ती इतकी बुडालेली, की घरी तिचा नवरा जेवताना विचारायचा, ‘काय, आज काकांनी काय वाचलं?’ तिने शब्द टाइप केला.

‘अगं,’ आवाज म्हणाला. भारदस्त, गोल, अगदी स्पष्ट.

काकूंनी मान हलवली. ‘हा पुस्तकातला नवरा आहे. कुठल्या तरी गोष्टीत बायकोला झोपेतून उठवतोय. आमचे नव्हेत हे.’

आता तंबू मोकळेपणाने हसला. संचालक सगळ्यात जास्त. संशोधक मात्र हसली नाही. चूक कुठे झाली ते तिला कळलं होतं.

‘सर, आपल्याकडची सगळी ‘अगं’ वाचलेली आहेत,’ ती हळूच म्हणाली. ‘यांचं स्वतःचं एकही नाही.’

‘मग जरा कमीजास्त करा की. लोक बसलेत.’

तिने सूर खाली आणला. ‘हे, काकू?’

‘हे औषध मागतंय.’

‘हे?’

‘हे भांडायला आलंय.’

‘आणि हे?’

‘हे जवळ आलं. थांब. नाही गं, हेही नाही.’

लोकांना मजा वाटू लागली होती. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, ‘दुसरंच बरं होतं.’ त्यावरही हशा झाला.

‘काकू, तुम्हीच म्हणून दाखवा,’ संशोधक म्हणाली. ‘जमेल तसं. मी त्यावर बेतते.’

काकूंनी तोंड उघडलं.

सकाळपर्यंत ते खरं ‘अगं’ कानात होतं. घरातून निघताना, कुलूप ओढून बघावं तसं, त्यांनी ते एकदा आठवून बघितलं होतं. जागच्या जागी होतं. आता त्यांनी आत हात घातला, तर हाताला औषध मागणारं लागलं. मग भांडायला आलेलं. मग ते पहिलं, भारदस्त, गोष्टीतलं. या सगळ्यांमागे ते असेल म्हणून त्या चाचपत राहिल्या. 

मागे काही नव्हतं.

‘काकू?’

‘परत लाव,’ काकू म्हणाल्या.

‘कुठलं लावू?’

‘कुठलंही.’

तिने लावलं. काकूंनी ऐकलं. चव बघून बघून जीभ बधिर व्हावी, तसे कान झाले होते. हे आहे की नाही, ते सांगायला आत कोणी उरलंच नव्हतं.

तिने बटणांवरची बोटं उचलली. ‘राहू दे, काकू. मी बंद करते.’

‘आता बंद करून काय होणार, बाळ,’ काकू म्हणाल्या. माइक दूर होता, लोकांना ऐकू गेलं नाही. मग त्यांनी स्वतःच तो जवळ ओढला.

‘हेच,’ त्या म्हणाल्या. ‘हेच होतं.’

टाळ्यांनी तंबू दणाणला. कवी उठून उभा राहिला. संचालकांनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि आवाज मोठा करायची खूण केली.

‘अगं,’ चारही कोपऱ्यांतले स्पीकर म्हणाले.

लोक हसऱ्या चेहऱ्याने काकूंकडे बघत राहिले. काकू मांडीवरच्या पर्सचा बंद नीट करत होत्या.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. सुनेने छत्री उघडून त्यांच्या डोक्यावर धरली. थोडं चालून झाल्यावर तिने विचारलं, ‘आई, बाबा खरंच असं म्हणायचे?’

‘आतापासून असंच म्हणायचे,’ काकू म्हणाल्या.