नयनची सर्दी

चपला काढायच्या आधीच सुदेशने रोजच्यासारखं दारात तोंड पुढे केलं आणि लांब श्वास सोडला. नयनने नाक त्याच्या ओठांजवळ नेलं, जोरात ओढलं. काहीच आत गेलं नाही. तिने पुन्हा ओढलं आणि त्याच्या शर्टावरच शिंकली.

"पास?" त्याने विचारलं.

"काय माहीत. सकाळपासून निलगिरीचाही वास येत नाहीये."

तो उंबऱ्याबाहेर तसाच उभा राहिला. दारू सोडल्याला चौदा महिने झाले होते आणि चौदा महिन्यांत असं एकदाही झालं नव्हतं. आधी हुंगणं, मग नयनची मान हलणं, मग चपला. समोरच्या खोलीतल्या रखमाबाईंचा बरेच दिवस समज होता की हे दोघं दारातच लाड करतात.

वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून तो साडेसहापर्यंत खोपटला घरी पोचायचा. आता सव्वासात झाले होते. नयनने घड्याळाकडे पाहिलेलं त्याला दिसलं.

"रिक्षा मिळाली नसेल," ती म्हणाली.

त्याने फक्त हो म्हणायचं होतं. ते त्याला जमलं नाही. नयनने पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. मग मान वळवून तिने हाक मारली, "शिवानी, इकडे ये गं जरा."

"तिला नको," सुदेश म्हणाला.

"का नको?"

"आठवीत आहे ती. तिने काय बापाचं तोंड हुंगायचं?"

"मग मी काय करू? माझं नाक बंद आहे."

पडदा सरकवून शिवानी बाहेर आली. तिने आईकडे पाहिलं, मग बापाच्या पायातल्या चपलांकडे.

"पप्पा बाहेर का उभे आहेत?"

"काही नाही," नयन म्हणाली. "जा, अभ्यास कर."

पडदा पुन्हा ओढला गेल्यावर सुदेश हळू आवाजात म्हणाला, "घेतली नाही. पण गेलेलो."

"कुठे?"

"एसटी डेपोच्या मागे. बारच्या दारापर्यंत. वीस मिनिटं उभा होतो, मग आलो."

नयनचा हात चौकटीवर होता, तो तिथेच राहिला. आज नाक चालू असतं तर तिने मान हलवली असती, त्याने चपला काढल्या असत्या आणि आत्ता तो चहा पीत असता. ती वीस मिनिटं तिला कधीच कळली नसती.

"आणि नाक चालू असताना कितीदा गेलात?"

तो खरंच आठवायला लागला. "दोनदा. आजचं तिसरं."

"आणि मी येडी रोज पास करतेय."

"घेतली नव्हती गं."

"ते विचारलं का मी?"

ती आत निघून गेली. दार तिने लावलं नाही. सुदेशने थोडा वेळ थांबून चपला काढल्या, हात धुतले आणि मोठं पातेलं गॅसवर ठेवलं. पाणी उकळल्यावर त्यात निलगिरीचे चार थेंब टाकून त्याने ते स्टुलावर आणून ठेवलं. दोरीवरचा टॉवेल काढला.

"असली सेवा करून मी विसरणार नाही," नयन म्हणाली.

"नको विसरू. वाफ घे."

खुर्ची पुढे ओढून तिने टॉवेल डोक्यावरून घेतला. आता तिचं तोंड दिसत नव्हतं. थोड्या वेळाने टॉवेलच्या आतून आवाज आला.

"काय झालं? साहेब ओरडले?"

"नाही."

"भांडण झालं कुणाशी?"

"नाही गं. आनंद झालेला."

"काय झालेला?"

"आनंद." तो तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला. "राग आला तर काय करायचं ते दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगमध्ये सांगतात. वाईट वाटलं तर कुणाला फोन करायचा तेही ठरलंय. आज गेटमधून निघालो आणि एवढं भरून आलं, की त्याचं काय करायचं तेच कळेना. पाय आपोआप तिकडे वळले."

"मग तो घेऊन घरी यायचं ना, येडे कुठले!" ती आतूनच ओरडली आणि खोकत राहिली.

"आलो ना. उशिरा आलो."

खोकला थांबला. "कसला आनंद पण?"

"फायनल तपासणी माझ्याकडे दिली. पार्ट मोजायचा, बरोबर असला तर शिक्का मारायचा. माझ्या नावाचा शिक्का आहे. मी पास केलेला माल थेट गाडीत चढतो. माझ्यानंतर कुणी बघत नाही."

पाण्याच्या वाफेचा एक पट्टा बाजूने निसटून वर जात होता.

"आणि तुमच्याकडून चूक झाली तर?"

"आपणच फोन करायचा. सांगायचं, माझं चुकलं, माल परत पाठवा. मग पहिल्यापासून मोजायचं."

"लाज नाही वाटणार?"

"वाटणार. तरी करायचा."

मग टॉवेलची एक बाजू वर झाली. आत तिचं लाल झालेलं नाक होतं आणि घामाने निथळणारा चेहरा.

"या आत," ती म्हणाली. "वाफ फुकट चाललीय."