पाण्यातल्या अन्नपूर्णा

गंगूबाईनं पदराच्या गाठीतून आपली अन्नपूर्णा सोडवली आणि रंभाबाईच्या घंगाळात अलगद ठेवली. मग हेमलतानं तिची ठेवली. शेवटी रंभाबाईनं. तिन्ही देवी पितळेच्या, अंगठ्याएवढ्या, लग्नात माहेरहून आलेल्या. रंभाबाईच्या देवीच्या हातातली पळी तेवढी वाकलेली. ती कशी वाकली, हे शेजारणींनी कधी विचारलं नव्हतं.

रंभाबाईचा नवरा कुशाबा परवा पहाटे होडी घेऊन मुळशीच्या धरणात मासे धरायला गेला, तो परतलाच नव्हता. फोन बंद. धुकं असं दाटलेलं की काठावरची खाचरंही दिसेनात. रिसॉर्टवाल्यांची मोटरबोट दोनदा हात हलवत परत आली. आता उरला देव, आणि पाण्यात कोंडल्याशिवाय देव मनावर घेत नाही, हे गंगूबाईचं ठाम मत.

"मागणं तोंडानं बोलायचं न्हाई," तिनं बजावलं. "तिला मनातलं कळतंय. पुरं झालं की जिची तिनं भाईर काढायची. त्येच्या आदी न्हाई."

रंभाबाईनं मान हलवली. उजवं मनगट सुजलं होतं, म्हणून तिनं डाव्या हातानं पाणी ओतलं. विहिरीवर पाय घसरला, असं ती सांगायची. तिचा पाय वर्षातून चार-दोनदा तरी घसरायचाच.

तिघी डोळे मिटून बसल्या. दारातून धुकं आत येऊन चुलीच्या धुरात मिसळत होतं. हेमलता काहीतरी गुणगुणत होती. रंभाबाईला वाटलं, घर जमिनीवरून सुटून हळूहळू पाण्यावर चाललंय. इतकं शांत घर तिनं लग्नापासून पाहिलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. गंगूबाईनं तिला जवळ ओढलं. अशा मैत्रिणी मिळायला नशीब लागतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन पडलं आणि कुशाबा दारात उभा राहिला. धुक्यात वाट चुकून पलीकडच्या काठाला लागला होता, तीन दिवस एका खोपटात पडून होता.

"मेलो न्हाई अजून. भाकरी टाक," एवढंच तो म्हणाला आणि आत जाऊन आडवा झाला.

हेमलता रडता रडता हसली. दोघींनी आपापली देवी बाहेर काढून पदरानं पुसली.

"तुजी काढ की आता," गंगूबाई म्हणाली.

रंभाबाई परातीत पीठ घेत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"ऱ्हाऊ दे पाण्यात," ती हळूच म्हणाली. "माजं मागणं अजून पुरं झालं न्हाई."