आधी आर्ट्स म्हणा

वडील आर्ट्सचं नाव तोंडातून काढत नाहीत तोवर अन्नाला शिवायचं नाही, असं गिरिधरनं ठरवून टाकलं होतं. रुसला की झाडावर जाऊन बसायचं, ही त्याची लहानपणापासूनची खोड. आताही तो तलावाकाठच्या लिंबावर बसला होता. घर सोडून आठवडा उलटला होता.

खाली त्याच्या नावानं पान वाढलेलं होतं. भात, वर दही, शेजारी त्याच्या आवडीची जिलबी. पार महाल वस्तीतून दोन रिक्षा करून सगळं घर मनधरणीला आलं होतं. एरवी रुसलेलं पोर भूक लागली की आपसूक येतं, असं या घराचं धोरण होतं.

अडुसष्टच्या जूनचं ऊन मी म्हणत होतं. वारा नाही, आवाज नाही. सगळे वर पाहत होते, पण त्याच्या डोळ्याला डोळा कोणी भिडवत नव्हतं.

वडिलांनी, महादेवरावांनी, घसा साफ केला. मिशी काढल्यामुळे त्यांचा धाक निम्म्यावर आला होता.

“गिरू, इंजिनिअरिंगच्या यादीत नाव लागलं गा तुझं. हजारातून साठ पोरं घेतात. सिव्हिल भेटलं.”

गिरिधर हलला नाही.

“सिव्हिल नको? मेकॅनिकलसाठी साहेबाले भेटतो.” जरा थांबून, “इलेक्ट्रिकल?”

“दादा, तुम्ही काय भाजी विकून राहिले का?” धाकटे काका चंपतराव कुजबुजले. “त्याच्या मनातलं बोला ना.”

“मले काय माहीत त्याच्या मनातलं?”

“मले माहीत हाय,” आई, जिजाबाई, तोंडावरचा पदर न काढता बोलली. “बीए करायचं होतं त्याले. मराठी घेऊन.”

“बीए करून काय होईल त्याचं?”

“आता काय व्हायचं राहिलं, सांगा ना?”

महादेवराव दोन पावलं लिंबाकडे सरकले. मग पोरासमोर जन्मात न जोडलेले हात त्यांनी जोडले. आवाज फाटला होता.

“बरं बाप्पा. आर्ट्स. तू म्हणशील तेच. जेव आता.”

जिंकलो, गिरिधरला वाटलं. बापाशी घातलेला पहिलाच वाद जिंकलो. आणि भूकही कडकडून लागली होती, खोटं कशाला बोला.

खाली सगळे श्वास रोखून मागं सरले. गिरिधरनं पंख पसरले, अलगद खाली उतरला आणि पिंडाला चोच लावली.