दुखरा अंगठा

"आई गं! मेलो!" पिल-सू ओरडला आणि माक-रे खुदकन हसली.

नवऱ्याच्या अंगठ्यात सुई टोचावी, त्यानं बोंबलावं आणि बायकोला आनंद व्हावा, असं घर सबंध गावात हे एकच. पण कारण तसंच होतं. थंडी पडली तेव्हा त्या डाव्या हातावर उकळतं सूप सांडलं असतं, तरी पिल-सूला पत्ता लागला नसता.

"किती दुखलं?"

"कालच्यापेक्षा जास्त. औषध करतेस की चाळीस वर्षांचा सूड उगवतेस?"

"ओरडा, ओरडा. वैद्य म्हणालेत ना, आधी दुखणं परत येतं, मग हात."

रोज न्याहारीनंतर हाच कार्यक्रम. पेनसारखं यंत्र, त्यात नवी सुई. अंगठ्याला लावायचं, खटका दाबायचा. टक् आवाज होतो, थेंबभर रक्त येतं, की झालं. पिल-सूची अट एकच, तिनं अगदी समोर बसायचं. मध्यंतरी टीव्हीवर कुस्ती रंगली होती, तेव्हा तो ओरडलाच नाही. माक-रेचा चेहरा पडला. मग तो घाईघाईनं म्हणाला, "अगं दुखलं की! कुस्तीच्या नादात ओरडायचं राहून गेलं."

हे सगळं सुरू झालं शरदातल्या चुसोकच्या सणाला. तांदळाच्या उकडीचे गोड सोंगप्योन चार जास्तच खाल्ले त्यानं, आणि म्हणाला, पोट जड झालंय, हाताला मुंग्या येतायत. अपचन झालं की माक-रेच्या माहेरी करायचे तेच तिनं केलं. पाठ चोळली, अंगठ्याला दोरा गुंडाळला, टाचणीनं टोचून काळं रक्त काढलं आणि त्याला झोपवलं. तीन तासांनी उठवायला गेली, तर तोंड वाकडं आणि डावं अंग लुळं.

"जरा आधी आणायला हवं होतं," हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले. एवढंच म्हणाले.

तेव्हापासून तिला घास गिळेना. "माझ्या हातानं तुमचा हात घालवला हो," एवढंच दिवसभर. पुढे वैद्यांनी हा उपाय सांगितला. पहिले कित्येक दिवस ती टोचायची आणि तो गप्प. मग एका सकाळी ती रडत रडत टोचत होती, आणि तो एकदम ओरडला. त्या दिवशी माक-रे दोन वाट्या भात जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीही तिनं तयारी मांडली. नव्या सुईचं पाकीट हातात घेतलं, तोच फोन वाजला. देगूहून उन-जू, त्यांची मुलगी. ती नर्स आहे. माक-रेनं पाकीट एप्रनच्या खिशात टाकलं आणि फोन किमचीच्या बरणीला टेकवून उभा केला.

"आई, लुळ्या अंगाला व्यायाम देतात त्या हॉस्पिटलात बाबांना खाट मिळतेय. तीन महिने ठेवतील. पण आत्ताच कळवायचंय."

"आता कशाला? हातात जीव येतोय त्यांच्या."

"सुया टोचून? आई, जी काही सुधारणा व्हायची ती पहिल्या सहा महिन्यांतच होते. पाच संपत आलेत. पुन्हा खाट मिळायला वर्ष जाईल, मग काय उपयोग?"

माक-रेला राग आला. "माझ्यावर विश्वास नाही ना? मग डोळ्यांनी बघ!" तिनं पेन उचललं आणि अंगठ्याला लावलं.

टक्.

"आई गं!" पिल-सू कळवळला. डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या.

उन-जू पडद्याजवळ सरकली. "बाबा, खरं सांगा. दुखतं ना?"

पिल-सूनं बायकोकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"दुखतं गं पोरी. तुझ्या आईच्या हाताला गुण आहे."

"बरं तर. खाट दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगते." फोन बंद झाला.

"बघितलंत? निघाली होती शहाणपणा शिकवायला!" माक-रे हसत हसत अंगठा पुसू लागली. कापूस पांढराच राहिला. "गारठ्यानं रक्त आलं नाही वाटतं," ती म्हणाली.

"हो, गारठाच आहे," पिल-सू म्हणाला.

वापरलेली सुई टाकायला तिनं पेन उघडलं. आत काहीच नव्हतं. तिनं एप्रनच्या खिशात हात घातला. आजची सुई अजून पाकिटातच होती, आणि पाकीट फोडलेलं नव्हतं.