थंड खोलीचा नियम

मे महिन्यातलं चंद्रपूर, त्यात वीज गेलेली. जनरेटरवर थंडगार होती ती फक्त कंपनीच्या महासंगणकाची खोली. उकाड्यानं तापून लाल झालेलं आपलं लेकरू कडेवर घेऊन नीलिमा दाराशी गेली, तर मॅनेजर कुलदीपसर आडवे आले.

"मशीनले गरमी सोसत नाई, मॅडम. लेकराले सोसते. त्याले आत न्यायचा नियम इंट्रानेटवर दाखवा. तिथी जे नाई, ते कंपनीत नाई!"

इंट्रानेट, म्हणजे कंपनीचं आतलं संकेतस्थळ, नीलिमाच सांभाळायची. खोलीचं दारही त्यावरचीच नावं पाहून उघडायचं. तिनं आपल्या टेबलापाशी जाऊन लॅपटॉप उघडला.

सर चहा पिऊन परतले, तर दार उघडेना. काचेपलीकडे लेकरू गाढ झोपलेलं.

"सर," आतून नीलिमा म्हणाली, "इंट्रानेटवर तुमचं नावच नाई दिसून राह्यलं."