ओला कोपरा

बायको गेली तेव्हा तिची प्रेमकथेची कादंबरी वाचायची अर्धीच राहिली होती. ती प्रत वाचनालयाची होती, म्हणून मुलीने कोरी विकत आणली.

"उरलेली तुम्ही वाचा, बाबा. आईला बरं वाटेल."

रोज दुपारी मी चार पानं मोठ्याने वाचू लागलो. प्रत्येक वेळी पुढच्या पानाचा कोपरा आधीच ओला असायचा. बोट जिभेला लावून पान उलटायची सवय बायकोला होती.

"तुम्हीच लावत असाल बोट," मुलगी हसली.

"लेथ मशीनच्या तेलात आणि लोखंडाच्या किसात चाळीस वर्षं काढलेला माणूस बोट तोंडात घालत नाही, पोरी."

मला त्या ओलाव्याचा आधारच वाटायचा. ती सोबत वाचतेय, एवढं पुरे होतं.

मग कथेतली बाई आजारी पडली. पुन्हा एक मरण बघणं माझ्याने होईना. मी पुस्तक कपाटात कुलूपबंद केलं.

दोन दिवस काही झालं नाही. आज दुपारी चादर ओढून पडलो होतो. हाताला गार लागलं म्हणून डोळे उघडले. चादरीचा कोपरा ओला होता, आणि पान उलटावं तसा हळूहळू माझ्या अंगावरून उचलला जात होता.